वाचकांचे प्रश्न : मोझांबिकच्या गोरोंगोसाला जावे का?

मागील अंकात या सदरात मोझांबिक देशातील गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानाचा ओझरता उल्लेख आला होता. यादवी युद्धात जवळजवळ रिकामे झालेले आणि गेल्या दोन दशकांत पुन्हा प्राण्यांनी भरू लागलेले जंगल, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे विदर्भातील, त्यातही जंगलाला खेटून असलेल्या गावांतील आहेत, आणि त्यांतील प्रश्नांची उत्तरे सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांत सापडणारी नाहीत. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून ताडोबाच्या जंगलात नोकरीच्या काळापासून जात आलो आहे. मुलगा आता एकदा आफ्रिका पाहून या म्हणतो. जो तो मसाई मारा सुचवतो. पहिल्याच खेपेला गोरोंगोसाला जाणे शहाणपणाचे ठरेल काय? — एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : चार दिवसांत सिंह, चित्ता, जिराफ आणि लाखोंच्या संख्येने स्थलांतर करणारे विल्डबीस्ट पाहण्याची आपली इच्छा असेल, तर सुचवणारे बरोबर सांगत आहेत, केनियातील मसाई मारा किंवा टांझानियातील सेरेंगेटी येथेच जावे. गोरोंगोसात जिराफ नाही, गेंड्याची आशा धरून जाऊ नये, आणि बिबट दिसला तर ते नशीब समजावे. सिंह आहेत, युद्धानंतर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेले सिंह आता शंभराच्या पुढे गेले आहेत. तरीही मारासारखी एकाच सिंहाभोवती वाहनांची जत्रा येथे भरत नाही, कारण मुळात वाहनेच थोडी आहेत. प्रवासही सोपा नाही. दोन-तीन विमाने बदलून बेइरा किंवा शिमोइओ या शहरापर्यंत पोहोचायचे आणि तेथून मोटारीने उद्यानातील चितेंगो तळावर जायचे, असा तो मार्ग आहे.

एवढे सांगूनही आमचा कौल आपल्या बाबतीत गोरोंगोसाकडे झुकतो, आणि त्याचे कारण आपल्या पत्रातच आहे. ज्याने ताडोबा वर्षानुवर्षे पाहिला आहे, त्याला जंगल बदलताना पाहण्याची सवय असते. कोणत्या पाणवठ्यावर पूर्वी काय येत असे आणि आता काय येते, कुठले गाव उठले आणि त्या जागेवर गवत कसे माजले, हे त्याच्या डोळ्यांत असते. गोरोंगोसात पाहण्यासारखे जे आहे ते याच जातीचे आहे. पहाटे तळावरून निघाल्यावर प्रथम दाट झुडपी जंगल लागते, मग पिवळसर हिरव्या सालीच्या बाभूळवर्गीय झाडांचे राईसारखे पट्टे आणि उंच ताडांचे पुंजके येतात, आणि त्यापलीकडे एकदम उरेमा सरोवराभोवतीचे सपाट पूरमैदान उघडते. या मैदानाच्या कडेला १९४० च्या सुमारास पर्यटकांसाठी बांधलेली आणि पुराच्या पाण्यामुळे दोन-तीन वर्षांतच सोडून द्यावी लागलेली एक इमारत आहे. माणसे गेल्यावर तिच्यात सिंह राहू लागले. गच्चीवर बसलेल्या सिंहांची छायाचित्रे त्या काळी प्रसिद्ध होती आणि आजही ती जागा ‘सिंहांचे घर’ म्हणूनच दाखवली जाते.

जिप्सीत बसल्याबरोबर ‘कॉल आला, कॉल आला’ (म्हणजे वाघाची चाहूल लागून हरणे-वानरे ओरडली) म्हणत धूळ उडवीत धावणे ज्यांना आवडते, त्यांनी मात्र तेथे जाऊन पैसे वाया घालवू नयेत. आपण निदान चार रात्री तरी राहावे, आणि त्यांतील एक दिवस गोरोंगोसा पर्वतासाठी राखून ठेवावा.

प्रश्न : पंधरा वर्षांच्या लढाईत एवढे मोठे जंगल रिकामे कसे होऊ शकते? आणि प्राणी परत आले ते कुठून? बाहेरून आणून सोडलेल्या प्राण्यांना ‘पुनरुज्जीवन’ म्हणावे काय? — काही वाचक, तुमसर व साकोली (जि. भंडारा)

उत्तर : गोरोंगोसा १९२० मध्ये शिकारीसाठी राखीव ठेवले गेले आणि पोर्तुगीज राजवटीतच १९६० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. १९७० च्या सुमारास त्या पूरमैदानावर हजारो आफ्रिकी रानम्हशी, हजारो पाणघोडे, विल्डबीस्ट, झेब्रे आणि सुमारे अडीच हजार हत्ती होते. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाला आणि १९७७ पासून फ्रेलिमो पक्षाचे सरकार आणि रेनामो ही सशस्त्र संघटना यांच्यात यादवी युद्ध पेटले. रेनामोचा मुख्य तळ गोरोंगोसाच्याच परिसरात होता. डिसेंबर १९८१ मध्ये चितेंगो तळावर हल्ला झाला आणि १९८३ मध्ये उद्यान सोडून द्यावे लागले. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी पोटासाठी तेथील प्राणी मारले आणि शस्त्रांसाठी हस्तिदंत विकले. १९९२ मध्ये रोम येथे शांतता करार झाला, परंतु करारानंतरची दोन वर्षे जंगलाला आणखी महागात पडली, कारण बंदुका लोकांच्या हाती होत्या, रक्षक कोणीच नव्हते आणि मांसाला शहरात गिऱ्हाईक होते. मोठ्या प्राण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नष्ट झाले. २००० सालापर्यंत हत्ती अडीचशेच्या आत आले होते आणि रानम्हशींचा तर एखादा लहानसा कळप उरला होता.

२००४ पासून अमेरिकी उद्योजक ग्रेग कार यांच्या संस्थेने मोझांबिक सरकारबरोबर काम सुरू केले, २००८ मध्ये वीस वर्षांचा संयुक्त व्यवस्थापनाचा करार झाला आणि २०१८ मध्ये तो आणखी पंचवीस वर्षांनी वाढवण्यात आला. उद्यानात सुमारे बासष्ट चौरस किलोमीटरचे एक कुंपणबंद क्षेत्र तयार करण्यात आले. दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या रानम्हशी आणि विल्डबीस्ट यांना आधी त्यात ठेवून, माणसाळू न देता, तेथील पाण्या-गवताची सवय झाल्यावर मोकळे सोडण्यात आले. कुनोतील चित्त्यांच्या बाबतीत वापरलेली पद्धत वर्तमानपत्रांतून वाचली असेल, तर ही कल्पना आपल्या लगेच लक्षात येईल. आधी गवत खाणारे का आणले, हेही समजून घेण्यासारखे आहे. रानम्हशी, झेब्रे आणि पाणघोडे उंच, जाड गवत खाऊन आणि तुडवून आखूड ठेवतात. ते नाहीसे झाल्यावर गवत पुरुषभर वाढते, उन्हाळ्यात वाळते आणि पेट घेते, आणि नाजूक चारा खाणाऱ्या लहान प्राण्यांनाही मग तेथे राहता येत नाही. मांसभक्षकांची पाळी नंतर आली. २०१८ मध्ये चौदा आफ्रिकी रानकुत्रे दक्षिण आफ्रिकेतून विमानाने आणले गेले आणि पहिल्याच हंगामात त्यांना पिल्ले झाली. त्याच वर्षी कित्येक वर्षांनी प्रथमच एक बिबट दिसला. पुढे बिबट आणि तरसही आणण्यात आले.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र या यादीत नाही. बाहेरून आणलेल्या प्राण्यांची संख्या शेकड्यांत होती, तर २०१८ च्या हवाई मोजणीत मोठे प्राणी एक लाखाच्या घरात भरले. म्हणजे जंगल भरले ते मुख्यत्वे मागे उरलेल्यांच्या वंशवाढीने. हत्ती पाचशेच्या पुढे गेले, ते जवळजवळ सगळे युद्धातून वाचलेल्या माद्यांची लेकरे आणि नातवंडे आहेत. आणलेल्या जनावरांची छायाचित्रे सर्वत्र छापली जातात, आणि फासे काढीत पायी फिरणाऱ्या रक्षकांची छापली जात नाहीत, असा आमचा अनुभव आहे. गोरोंगोसात सिंहांची वाढ बरीच वर्षे अडकून पडली होती ती भक्ष्य नव्हते म्हणून नव्हे. हरणांसाठी लावलेले तारेचे फासे आणि जुन्या मोटारींच्या पाट्यांपासून बनवलेले लोखंडी चाप यांत त्यांचे पंजे अडकत होते. रक्षकांची संख्या आणि गस्त वाढल्यावरच सिंह वाढले. ब्रह्मपुरीकडील वाघिणी २०२३ मध्ये नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या गेल्या तेव्हा आपल्या जिल्ह्यात मोठी चर्चा झाली होती. त्या वाघिणींचे पुढे काय होईल, हेही अशाच न दिसणाऱ्या गस्तीवर अवलंबून राहील.

प्रश्न : तेथील हत्तिणींना आता सुळेच येत नाहीत, असे माझ्या भाच्याने मोबाईलवर वाचून दाखवले. हे खरे आहे काय? आणि त्यात नवल ते काय? आमच्याकडे आलेल्या कळपातील हत्तिणींनाही सुळे दिसत नाहीत. — एक वाचक, अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, आणि त्यातूनच खरी गोष्ट समजते. आशियाई हत्तीच्या मादीला बाहेर दिसतील असे सुळे सहसा नसतातच. नरांमध्येही काही बिनसुळ्यांचे असतात, त्यांना मखना म्हणतात. आफ्रिकेतील मैदानी हत्तींची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यात नर आणि मादी दोघांनाही सुळे असतात, त्यांनी ते माती उकरतात, झाडांची साल सोलतात, आणि बिनसुळ्याची मादी हा तेथे अपवाद असतो.

गोरोंगोसात हा अपवाद निम्म्यावर आला. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार युद्धापूर्वी तेथील माद्यांपैकी सुमारे साडेअठरा टक्के बिनसुळ्याच्या होत्या, आणि युद्धातून वाचलेल्या माद्यांमध्ये हे प्रमाण सुमारे एक्कावन्न टक्के भरले. सुळ्यांसाठी गोळी घालणारा बिनसुळ्याच्या हत्तिणीवर काडतूस वाया घालवीत नाही. त्यामुळे त्या अधिक संख्येने जगल्या आणि त्यांनी तो गुण लेकींना दिला. युद्धानंतर जन्मलेल्या माद्यांमध्येही सुमारे एकतृतीयांश बिनसुळ्याच्या आहेत. ‘सुळे येतच नाहीत’ असे म्हणणे त्यामुळे अतिशयोक्तीचे होईल. तेथे बिनसुळ्याचे नर जवळजवळ आढळत नाहीत, याचेही कारण संशोधकांनी शोधले आहे. हा गुण एक्स गुणसूत्रावर असतो आणि तो ज्या नरगर्भात उतरतो तो गर्भ जगत नाही, असे त्यांना दिसून आले. म्हणजे शिकाऱ्याच्या गोळीपासून आईला वाचवणारा गुण तिच्या काही मुलग्यांना जन्मण्याआधीच मारतो.

गाडीतून पाहताना एक खबरदारी सांगतो. हत्ती दीर्घायुषी असतो आणि युद्धाचा काळ पाहिलेल्या हत्तिणी कळपांत आजही आहेत. मोटारीचा आवाज ऐकून काही कळप काढता पाय घेतात आणि काही सरळ अंगावर धावून येतात. तेथील वाटाडे म्हणूनच अंतर राखतात, आणि ‘जरा आणखी पुढे घ्या’ असा आग्रह त्यांना करू नये.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावे? आमची धानाची शेती आहे. — एक वाचक, लाखांदूर (जि. भंडारा)

उत्तर : मोझांबिक दक्षिण गोलार्धात असल्याने तेथील पावसाळा डिसेंबर ते मार्च असा असतो; त्या काळात पूरमैदान पाण्याखाली जाते आणि उद्यान पर्यटनासाठी बंद असते. एप्रिल-मेमध्ये सर्वत्र हिरवळ असते, पण गवत उंच असल्याने प्राणी दिसणे अवघड जाते. ऑगस्ट आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत चांगले. पाणी आटत जाते तसे प्राणी उरेमा सरोवराकडे सरकतात. ऑक्टोबरमध्ये प्राणी आणखी सहज दिसतात, पण ऊन आपल्या मे महिन्याची आठवण करून देते. आपली रोवणी आटोपून पोळा झाला, की कापणीपर्यंत जी सवड मिळते ती नेमकी या काळात येते. ताडोबाचा गाभा क्षेत्रातील भागही तेव्हा पावसामुळे बंदच असतो.

प्रश्न : मी ताडोबाच्या मोहर्ली भागात गाईड आहे. तेथील गावांना या पर्यटनातून काय मिळते? आमच्याकडे जंगल वाढले, वाघ वाढले, रिसॉर्ट वाढले. गावातल्या पोरांना मात्र गाडी धुण्याचे काम मिळते. — एक वाचक, ता. भद्रावती

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम जसेच्या तसे छापले आहे. गोरोंगोसाभोवती सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरहून मोठे बफर क्षेत्र आहे आणि त्यात सुमारे दोन लाख लोक राहतात. यांतील बहुतेक कुटुंबे मका आणि ज्वारी पिकवून पोट भरतात आणि मोझांबिक हा जगातील अतिशय गरीब देशांपैकी एक आहे. अशा ठिकाणी केवळ पर्यटकांच्या तिकिटांवर एवढ्या लोकांचे भले होईल, असे उद्यान चालवणारेही म्हणत नाहीत, आणि आम्हांला त्यांचा हाच प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो. पर्यटक तेथे थोडे येतात. वादळ आले किंवा राजकीय गडबड झाली की तेही थांबतात. त्यामुळे मोठा खर्च देणग्यांतून आणि निरनिराळ्या देशांच्या मदतीतून चालतो. ही गोष्ट त्या उद्यानाचे बळ आहे, तशी ती त्याची दुखरी नसही आहे. देणगीदाराने हात आखडता घेतला तर काय, हा प्रश्न उरतोच.

हाती आलेला पैसा कुठे घातला, हे मात्र पाहण्यासारखे आहे. रक्षक, वाटाडे, शिक्षक, आरोग्यसेविका अशा नोकऱ्यांत भरती मुख्यतः भोवतालच्या गावांतून होते आणि रक्षकांत स्त्रियाही आहेत. गावांच्या शाळांत मुलींसाठी क्लब चालवले जातात. लवकर लग्न होऊन मुलींची शाळा सुटू नये, हा त्यांचा उद्देश आहे. हा खर्च वन्यजीवांच्या खात्यातून का करावा, असे कोणी विचारील. मुलगी जितकी शिकेल तितके तिच्या घराचे जंगलावरचे अवलंबन कमी होईल, असा त्यामागचा हिशेब आहे. मार्च २०१९ मध्ये ‘इदाई’ चक्रीवादळाने बेइरा शहर आणि भोवतालचा मुलूख झोडपून काढला, तेव्हा उद्यानाच्या रक्षकांनी होड्या आणि हेलिकॉप्टरमधून गावोगाव धान्य पोहोचवले.

पर्वतावरची कॉफी हा त्यांतला आम्हांला सर्वांत पटलेला भाग आहे. गोरोंगोसा पर्वत १,८६३ मीटर उंच आहे. त्याच्यावर पडणारा पाऊसच नद्यांच्या वाटे खालच्या मैदानाला पाणी पुरवतो. २०१० मध्ये त्याचा वरचा भाग उद्यानात समाविष्ट झाला, परंतु मक्यासाठी तेथील जंगल तोडणे आणि जाळणे थांबले नव्हते. मग तोडलेल्या उतारांवर स्थानिक जातीची झाडे आणि त्यांच्या सावलीत कॉफीची रोपे लावण्यास शेतकऱ्यांना मदत करण्यात आली. कॉफीला सावली लागते, म्हणून शेतकरी झाड राखतो. वनखात्याच्या भीतीने नव्हे. पर्यटकाला हे मळे पाहता येतात.

आपल्याकडे डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, गावोगाव परिस्थितिकीय विकास समित्या आहेत, प्रवेशशुल्कातून गावांना वाटा मिळतो. कागदावर आपली व्यवस्था गोरोंगोसापेक्षा जुनी आणि पक्की आहे. प्रत्यक्षात वाटा कसा पोहोचतो, हे आपणच आम्हांला अधिक चांगले सांगू शकाल. लिहिल्यास अवश्य छापू.

प्रश्न : आमच्या भागात २०२१ पासून हत्तींचा कळप फिरतो आहे. बांधीतले धान एका रात्रीत तुडवले जाते. आफ्रिकेत मधमाश्यांच्या पेट्या लावून हत्ती अडवतात म्हणे. आम्ही लावाव्यात काय? — शेतकरी वाचक, कुरखेडा (जि. गडचिरोली)

उत्तर : सहलीच्या सदरात हा प्रश्न यावा याचा आम्हांला आनंद आहे. गोरोंगोसाच्या दक्षिण सीमेवर पुंग्वे नदी आहे. रात्री हत्ती ती ओलांडून पलीकडच्या मक्याच्या शेतांत शिरतात. त्यांच्या ठरलेल्या वाटांवर खांबांना तारा बांधून, ठरावीक अंतराने मधमाश्यांच्या पेट्या टांगण्यात आल्या. हत्तीचा धक्का तारेला लागला की पेट्या हलतात आणि माश्या बाहेर पडतात. सोंडेच्या आत आणि डोळ्यांभोवती डंख बसलेला हत्ती ती जागा ध्यानात ठेवतो. तेथील प्रयोगात हत्तींची ये-जा पुष्कळ घटली आणि शेतकऱ्यांना मधही मिळाला. अशाच कुंपणांचे काम केनियात त्याआधीपासून झालेले आहे.

मात्र आपण लगेच पेट्या विकत घेऊ नयेत. आफ्रिकी माशी अतिशय तापट असते. आपली पेटीत राहणारी सातेरी माशी तिच्या मानाने सौम्य आहे, आणि आग्या माशी पेटीत राहत नाही. पेटी रिकामी असेल तर कुंपणाला अर्थ उरत नाही, आणि वसाहत टिकवायची तर वर्षभर फुले आणि रोजची देखभाल लागते. भर पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या बांध्यांच्या मधोमध हे जमवणे कठीण आहे. गावाच्या कडेने, जंगलातून हत्ती नेमके ज्या वाटेने उतरतात तेवढ्याच पट्ट्यात काही साधले तर साधेल. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०२१ मध्ये कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात असा प्रकल्प सुरू केला होता. गावाने मिळून वनविभागामार्फत तेथील अनुभव मागवावा आणि मगच ठरवावे. तोवर नुकसानीचा पंचनामा वेळेवर करून घेणे सोडू नये.

प्रश्न : गोरोंगोसात वॉटरबक नावाचे हरीण पन्नास हजारांहून अधिक झाले आहे, असे वाचले. एकाच जातीची एवढी वाढ हे निरोगी जंगलाचे लक्षण मानावे काय? — महाविद्यालयीन विद्यार्थी, अकोट (जि. अकोला)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. वॉटरबक हा सांबराएवढा, राखाडी-तपकिरी, दाट केसांचा प्राणी आहे आणि त्याच्या पार्श्वभागावर पांढरे वर्तुळ असते. कोणी ओल्या रंगावर बसवून उठवल्यासारखे ते दिसते. युद्धापूर्वी तो तेथे काही हजारच होता. पूरमैदानावरील चारा तेव्हा मुख्यतः रानम्हशी, विल्डबीस्ट, झेब्रे आणि पाणघोडे खात होते. ते सारे गेले आणि त्यांना सावरायला वेळ लागला. वॉटरबकने रिकामे कुरण आधी गाठले. त्यांना आवर घालण्याइतके मांसभक्षकही तेव्हा नव्हते.

मांसभक्षक नसण्याचा परिणाम केवळ संख्येवर होतो असे नाही. बुशबक हे झुडपांत दडून राहणारे हरीण गोरोंगोसात उघड्या मैदानावर येऊन चरू लागले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी त्यांना बिबटाचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले, तेव्हा ती हरणे पुन्हा झाडोऱ्याकडे वळली. म्हणजे भीती विसरली गेली होती, पण पुसली गेली नव्हती. ती हरणे मैदानावर असताना तेथील काही वनस्पतींवर चरण्याचा ताण पडत होता, तोही या अभ्यासात मोजला गेला.

त्यामुळे वॉटरबकचे ते अफाट कळप पाहताना ‘किती समृद्ध जंगल’ असे म्हणण्याची घाई करू नये. ते अर्ध्यावर आलेल्या जंगलाचे चित्र आहे. रानम्हशी, रानकुत्रे आणि सिंह वाढत जातील तसे ते बदलत जाईल, आणि अगदी १९७० सारखे होईलच असे नाही. आपण जीवशास्त्राचे विद्यार्थी असाल तर उद्यानाच्या प्रयोगशाळेला जीवशास्त्रज्ञ एडवर्ड ओ. विल्सन यांचे नाव दिले आहे, हेही लक्षात ठेवावे. मोझांबिकच्या तरुणांसाठी संवर्धन जीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही गोरोंगोसात चालवला जातो.

प्रश्न : तेथे अजून लढाई चालू आहे काय? लसी कोणत्या घ्याव्या लागतात? आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. — एक गृहिणी, वणी (जि. यवतमाळ)

उत्तर : देशाच्या अगदी उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून सशस्त्र बंडखोरी चालू आहे; तिकडे जाऊ नये. गोरोंगोसा मध्य भागातील सोफाला प्रांतात, तेथून कित्येक शे किलोमीटरवर आहे. गोरोंगोसाच्या परिसरातही २०१३ नंतर काही वर्षे चकमकी झाल्या होत्या, परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये सरकार आणि रेनामो यांच्यात समझोता झाला. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर शहरांत मोठी निदर्शने होऊन प्रवास विस्कळीत झाला होता. म्हणून पैसे भरण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना पाहावी आणि प्रवास रद्द झाल्यास पैसे परत मिळतील असा विमा घ्यावा.

संपूर्ण मोझांबिकमध्ये हिवतापाचा धोका मोठा आहे. प्रतिबंधक गोळ्या प्रवासाआधी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही काही काळ चालू ठेवाव्या लागतात. आपल्याकडे हिवताप होऊन गेला आहे म्हणून त्या टाळू नयेत. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जात असेल, तर पीतज्वराच्या लसीचा दाखला अधिकृत केंद्रातून आधीच घ्यावा, कारण इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वरग्रस्त देशांत गणले जातात आणि दाखला नसल्यास परतताना भारतात विलग ठेवले जाऊ शकते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि तो जन्मभर चालतो. साठीच्या पुढील प्रवाशांनी, मूलच्या गुरुजींनीही, ही लस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी.

जेवणाची फारशी चिंता नसावी. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला शिमा हे तेथील रोजचे अन्न आहे, त्याबरोबर घेवड्याची उसळ किंवा पालेभाजी मिळते. माटापा ही कसाव्याच्या पाल्याची, शेंगदाणे आणि नारळ घालून केलेली भाजी चवदार असते, पण तिच्यात पुष्कळदा कोळंबी किंवा खेकडा घालतात, तेव्हा आधी विचारून घ्यावे. भाषा पोर्तुगीज आहे. तळावरच्या वाटाड्यांना इंग्रजी येते. तळावर राहण्याची जागा मर्यादित असल्याने ऑगस्ट-सप्टेंबरसाठी नोंदणी काही महिने आधी करावी, आणि ती करतानाच शाकाहाराची सूचना लेखी द्यावी.